सोजराबाईच्या हातावर तीन ठिपके

आमच्या जळगाव जामोदात लग्न ठरलं की आधी भटजींना तारीख विचारतात, आणि मग ती तारीख सोजराबाईला चालते का ते विचारतात. सोजराबाईसाठी मुहूर्त पुढे गेलेला मी पाहिलाय. मुहूर्तासाठी सोजराबाई बदललेली कुणी पाहिली नाही. ही सोजराबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि हा सगळा मान मांड्याचा.

मी डोणगावची. आमच्याकडे पुरणपोळी लाटण्यानं लाटतात, तव्यावर भाजतात आणि गप खातात. इथे तसं चालत नाही. इथे कणीक मळून मळून इतकी सैल करायची की ती ताणली तरी तुटू नये. तिच्यात पुरण भरायचं आणि तो गोळा दोन्ही हातांवर खेळवायचा, पंजावरून मनगटावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत. बघता बघता मांडा उशीच्या अभ्र्याएवढा होतो. मग तो चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. मधे भोक पडलं की पुरण विस्तवात आणि बाईची अब्रू मांडवात. लग्न होऊन आले त्या वर्षी मीही एकदा हौस केली. माझा मांडा कोपरापर्यंत नीट गेला आणि तिथून ब्लाउजच्या बाहीत शिरला. तेव्हापासून मी शिलाई मशीनवर बसते, आणि घरात सगळ्यांना ते बरं वाटतं.

मोठ्या लग्नात एका खापरानं भागत नाही. दुसऱ्या खापरावर असते पुष्पाबाई, आमच्या समोरच्याच घरातली. या दोघी वर्षानुवर्षं शेजारी शेजारी चुली मांडून बसतात आणि एकमेकींच्या मांड्याला नावं ठेवतात. "पुष्पीचा मांडा म्हंजे गोधडी," असं सासूबाई म्हणतात. "सोजरीचा मांडा म्हंजे मच्छरदानी," असं पुष्पाबाई. एकमेकींवाचून मात्र दोघींनाही चूल पेटवता येत नाही. एकीला बोलावून दुसरीला विसरलेल्या एका घरी दोघीही गेल्या नव्हत्या, आणि त्या वऱ्हाडानं बुंदीवर जेवण उरकलं.

सासूबाईंचा एक नियम आहे. ताटात तीन मांडे वाढायचे नाहीत. एक वाढतील, दोन वाढतील, नाहीतर एकदम चार. तीन वाढणं अशुभ, हे आपल्याकडे सगळीकडेच मानतात, पण सासूबाई ते कायद्यासारखं मानतात. दोन खाऊन झाल्यावर कुणी आणखी एक मागितला तर त्या दोन टाकतात आणि संपेपर्यंत समोरून हलत नाहीत. एका नवरदेवाच्या मामांना त्यापायी सलाईन लावावी लागली होती. ते मामा अजूनही पंगतीत बसण्याआधी वाढपी कोण आहे ते बघून घेतात.

तर या बाईंच्या उजव्या हाताला, कोपराच्या खाली, गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून त्यांच्या लेखी ती नव्हतीच. मळून मळून पीठ साठलं असेल, असं त्यांनी मला शपथेवर सांगितलं. चुना लावून झाला, हळद लावून झाली. गाठ बोराएवढी होती ती लिंबाएवढी झाली. माझा नवरा गजेंद्र एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे. इंजिन उघडं करताना त्याला काही वाटत नाही, पण दवाखान्याचा वास आला की तो मटकन खाली बसतो. तो रोज म्हणायचा, "आई, एक डाव दाखवून ये." त्या रोज म्हणायच्या, "लगनसराई झाल्यावर."

शेवटी त्यांना दवाखान्यात पाठवलं ते पुष्पाबाईनं. भर मांडवात, सगळ्या बायका ऐकत असताना तिनं विचारलं, "सोजरे, तुह्या मांड्यात टेकडी काऊन येऊन राह्यली व?" गाठीवरून जाताना मांडा तिथे जाड राहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पिशवी भरून दारात उभ्या. म्हणाल्या, "चाल अकोल्याले."

अकोल्याच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की हा सार्कोमा आहे, स्नायू आणि चरबीच्या भागातला कॅन्सर, आणि कॅन्सरमधलाही दुर्मीळ प्रकार. फार थोड्यांना होतो. गजेंद्र खाली बसला. सासूबाईंनी मात्र 'दुर्मीळ' एवढंच नीट ऐकलं होतं. गावात परतल्यावर चार दिवसांत बाजारातल्या प्रत्येक भाजीवालीला ती बातमी कळली. "लाखात एखाद्यालेच होते म्हने," त्या सांगायच्या. "पुष्पीले काय हाय? शुगर. शुगर तं अख्ख्या गल्लीले हाय." मी चिडले. कॅन्सरचीही बढाई मारणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

पण ऑपरेशनच्या आधी त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. "हात ठेवसान नं?"

"हात ठेवूनच गाठ काढतो, मावशी," डॉक्टर म्हणाले. "पण नंतर रेडिएशन घ्यावं लागेल. ते नीट झालं तर हात राहील असं मला वाटतं."

ऑपरेशन चांगलं झालं. हाताचा थोडा लचका गेला, पण बोटं हलत होती. जखम भरत आली तेव्हा रेडिएशनबद्दल बोलायला डॉक्टरांनी बोलावलं. आमच्याकडे रेडिएशनला 'लाईट देणं' म्हणतात. सासूबाईंचा जन्म चुलीपुढे गेलेला, त्यामुळे त्यांनी डॉक्टरांची रीतसर परीक्षाच घेतली.

"गाठ तं काढली. आता काय भाजता?"

"गाठीच्या आजूबाजूला डोळ्यांना न दिसणारे कण राहिलेले असू शकतात. ते मारायचे, म्हणजे पुन्हा गाठ येणार नाही."

"आच मोठी ठेवसान का मंद?"

डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "थोडी थोडी, मावशी. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे."

"मंग बराबर हाय," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्या आचेवर वरून करपते अन् आतून कच्चं राह्यते." डॉक्टर पास झाले. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या की पोरगा हुशार आहे, कुणाच्या तरी हाताखाली नीट शिकलेला दिसतो.

त्याच दिवशी हाताचं माप घेतलं. एका मऊ गादीवर हात ठेवायला लावला आणि गादीतली हवा काढून घेतली, तशी ती हाताच्या आकाराची घट्ट झाली. रोज हात तिथेच आणि तसाच बसावा म्हणून. मग स्कॅन झाला. आणि शेवटी तिथल्या टेक्निशियन संजीवनी मॅडमनी सुईनं शाई टोचून सासूबाईंच्या हातावर तीन ठिपके केले. तिळापेक्षाही लहान.

"या खुणा पाहून आम्ही रोज मशीन बरोबर त्याच जागी लावणार," मॅडम म्हणाल्या. "हिशेब करायला आठवडा लागेल. पुढच्या सोमवारी सुरू करू." मला लगेच समजलं. कापड कापण्याआधी आपण खडूनं खुणा करतो तेच हे. सासूबाईंनी हात डोळ्यांजवळ नेला.

"तीनच?"

"तीनच लागतात, मावशी."

शेगाव येईपर्यंत एसटीत त्या बाही वर करून हातच बघत होत्या. मला वाटलं, आता खरी भीती बसली. मी त्यांचा हात हातात घेतला. तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तीन ठेवले त्या बाईनं."

आता इथे गोंदणाचं सांगायला हवं. सासूबाईंच्या डाव्या हातावर लहानपणी गोंदलेली तुळस आहे. उजवा हात कोराच होता. त्यांच्या वयाच्या बायका मानतात की मेल्यावर सोनंनाणं इथेच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं. संजीवनी मॅडमच्या दृष्टीनं त्या खुणा होत्या. सासूबाईंच्या दृष्टीनं ते गोंदण होतं आणि ते तीनावर थांबवलं होतं.

"वरते देवानं इचारलं का हे तीन काऊन, तं मी काय सांगू?" त्या म्हणाल्या. "अकोल्याच्या मॅडमनं केलं म्हनू? मी कोनाच्या ताटात तीन मांडे ठेवले नाईत, अन् माह्याच हातावर तीन?"

मी समजावलं. खडूचं उदाहरण दिलं, ब्लाउजच्या मापाचं दिलं. सगळं ऐकून त्या "हाव" म्हणाल्या. सासूबाईंचा 'हाव' दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे पटलं. दुसरा म्हणजे तुझं बोलून झालं असेल तर मी निघते. मला कुठला मिळाला ते तेव्हा ओळखता आलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण घरी लग्नाच्या ब्लाउजांचा ढीग पडला होता आणि माझं डोकं त्यात होतं.

आठवडी बाजारात बांगड्यांच्या दुकानांशेजारी एक गोंदणारा बसतो. बॅटरीवरचं मशीन घेऊन पोरांच्या दंडावर विंचू आणि पोरींच्या मनगटावर कुणाकुणाची नावं काढून देतो. सासूबाई त्याच्याकडे गेल्या. सोबत पुष्पाबाई होती. तिनं ठिपके पाहताक्षणी छातीला हात लावला होता म्हणे. आयुष्यात पहिल्यांदा या दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ते नेमकं इथे झालं. पाच शुभ, म्हणून गोंदणाऱ्यानं आणखी दोन ठिपके घालून पाच पुरे केले. आणि आधीचे तीन फारच बारीक दिसतात म्हणून ते जाड करून दिले. फुकट.

सोमवारी अकोल्यात संजीवनी मॅडमनी सासूबाईंची बाही वर सरकवली. त्यांनी हात पाहिला. स्क्रीनवरचा फोटो पाहिला. पुन्हा हात पाहिला.

"मावशी, हे काय?"

"पुरे केले," सासूबाई मायेनं म्हणाल्या. "तुमचे दोन राह्यले होते. घाईत असान तुमी."

मॅडम स्टुलावर बसल्या. मग डॉक्टर आले. त्यांनी भिंग लावून पाहिलं, दोन वेळा चष्मा पुसला. फोटोवरून कोणते तीन आपले ते कळत होतं, पण तिळाची तुरीची डाळ झाली होती, आणि खूण डाळीच्या या टोकाला की त्या टोकाला हे कोण सांगणार? शिवाय ताज्या गोंदणानं हात सुजला होता आणि त्या घट्ट गादीत बसतच नव्हता.

"थोडं इकडं तिकडं झालं तं काय होते?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टर आवाज न चढवता बोलले, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "जे मारायचं ते राहून जाईल, मावशी, आणि चांगलं असेल ते भाजेल. राहिलेलं पुन्हा वाढलं तर मग मला हात ठेवता येईलच असं नाही. आता सूज उतरू द्यायची, कातडी बरी होऊ द्यायची, पुन्हा माप, पुन्हा हिशेब. आणि ऑपरेशननंतर फार उशीरही बरा नाही."

बाहेर पाण्याच्या कूलरपाशी मी सासूबाईंना रागावले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. आवाज चढवून, बोट नाचवून, आजूबाजूला पेशंट बसलेत याचं भान न ठेवता. तुम्हाला देवाची काळजी आहे, आमची नाही, असंही म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सासूबाई ऐकून घेताहेत हे पाहून माझाच धीर सुटला.

"मले मरायचं भेव नाई वाटत," त्या म्हणाल्या. "मांडवात ते कोपऱ्यातली खुर्ची नसते काय, म्हाताऱ्या बायकांची? बसा आजी, अक्षता टाका, असं म्हनतेत. त्या खुर्चीचं भेव वाटते. हात गेला तं मले तिथं बसवतीन. मंग मी कोन?"

मला रडू कोसळलं. मग त्याही रडल्या. कूलरवर पाणी भरायला आलेल्या एका अनोळखी माणसाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं गुपचूप आम्हा दोघींच्या बाटल्या भरल्या, झाकणं लावून दिली आणि स्वतःची तशीच रिकामी घेऊन गेला.

पुढचे दिवस आमच्या घरी कर्फ्यू होता. गजेंद्रनं जाहीर केलं की आईच्या उजव्या हाताला कुणी काही लावायचं नाही, काढायचं नाही, दाखवायचंही नाही. पुष्पाबाईला उंबऱ्याच्या आत बंदी झाली. ती खिडकीशी येऊन उभी राहायची. "सूज उतरली काय व?" एवढंच विचारायची आणि जायची. भांडायलाही थांबायची नाही, त्यामुळे ती किती घाबरली आहे ते आम्हाला कळलं.

दुसऱ्यांदा माप झालं तेव्हा संजीवनी मॅडम सुई न घेताच आल्या. "या वेळी पेननं खुणा करते, वर पारदर्शक पट्टी लावते," त्या म्हणाल्या. "पण ही पट्टी भिजवायची नाही, घासायची नाही. आणि मावशी, खुणा तीनच असतील."

"तीन ठेवा," सासूबाई म्हणाल्या. "तेरा ठेवा. तुमाले लागतीन तितक्या ठेवा, बाई." त्यांच्या तोंडून हे ऐकायला पुष्पाबाई तिथे नव्हती, याचं मला वाईट वाटलं. मग जरा थांबून त्यांनी हळूच विचारलं, "पेनाचं वरपर्यंत जात नाई नं?"

"नाही, मावशी. पट्टी काढली की पुसलं जातं."

"मंग ठेवा."

सहा आठवडे आम्ही दोघी अकोल्यात खोली घेऊन राहिलो. सासूबाईंची अंघोळ हा तिथे बघण्यासारखा प्रकार होता. बाथरूमचं दार किलकिलं, त्यातून उजवा हात बाहेर आणि तो हात धरून मी दारात उभी. घरमालकीण पहिल्या दिवशी पोलिसांना बोलावणार होती. मशीनखाली मात्र त्या अशा निजायच्या की संजीवनी मॅडम इतरांना त्यांचं उदाहरण द्यायला लागल्या. आत काय वाटतं असं मी एकदा विचारलं. "काईच नाई," त्या जरा नाराजीनं म्हणाल्या. "जाळ नाई, धूर नाई. इतक्या मोठ्या मशीनीनं निदान ऊब तरी द्यावी." महिन्याभरात कातडी लाल झाली, मग काळपट झाली, खाजायला लागली, तेव्हा त्यांचं समाधान झालं. काम आतपर्यंत पोचलं म्हणाल्या. बाहेर बाकावर त्या बाकीच्या पेशंटांना मांडे शिकवायच्या, तेही नुसत्या हवेत, आणि डाव्या हातानं. रोज संध्याकाळी पुष्पाबाईचा फोन यायचा. "हालवला तं नाई नं हात?" ती विचारायची. "तू बोलून राह्यली तं हालते," सासूबाई सांगायच्या आणि फोन ठेवायच्या. उशीर झाला तर मात्र फोनकडेच बघत बसायच्या.

रेडिएशन संपलं. हाताला चुलीची धग लागू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या सराईतले सगळे मांडे पुष्पाबाईनं एकटीनं केले. सासूबाई लग्नाला गेल्याच नाहीत. तब्येत बरी नाही असा निरोप धाडायच्या आणि घरी बसून कोपर लांब करण्याचा व्यायाम करायच्या. हात आखडला होता. सरळ व्हायचा, पण पूर्ण नाही. तपासणीत मात्र काही सापडलं नाही. दर काही महिन्यांनी यायचं, असं डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या सराईच्या आधी त्यांनी चुलीची परवानगी दिली.

पहिलं लग्न पुष्पाबाईच्या नातीचं निघालं. आमंत्रण द्यायला ती स्वतः आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "दोन खापरं मांडले. येतं का बसतं घरी?"

सासूबाई गेल्या. मांडवामागे चुली पेटल्या होत्या आणि सगळ्या बायका कामं सोडून बघत होत्या. त्यांनी गोळा घेतला, पंजावर खेळवला, मनगटावर घेतला. तिथवर सगळं पूर्वीसारखं होतं. कोपराकडे सरकला तसा उजवा हात थरथरायला लागला, ती बाजू खाली आली आणि मांडा मधोमध फाटला. पुरण राखेत पडलं. त्यांनी दुसरा घेतला. तोही तिथेच फाटला. एका भल्या बाईनं पाठीमागून हळूच म्हटलं, "आजी, तुमी जरा खुर्चीवर बसा ना." मी सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला अकोल्याचा तो कूलर आठवला.

पुष्पाबाई आपल्या खापरावरून उठली. नवं लुगडं, हातात नवा चुडा, नवरीची आजी. येऊन सासूबाईंच्या उजव्या अंगाला उकिडवी बसली. "सरक तिकडं," ती म्हणाली, आणि तिनं स्वतःचा हात सासूबाईंच्या थरथरणाऱ्या हाताखाली घातला, कोपराला कोपर लावून.

"काय करून राह्यली व?"

"गोया घे. बोलू नको. तू बोलली का हालते."

सासूबाईंनी गोळा घेतला. एका बाजूला त्यांचा डावा हात, दुसऱ्या बाजूला दोघींचे दोन. मांडा सरकत गेला, वाढत गेला, थरथरला, पण फाटला नाही. दोघींनी मिळून तो खापरावर टाकला. खापराच्या कडेवरून खाली लोंबला, एवढा झाला होता. दोघींनी तो निरखून पाहिला.

"उजवीकून जाड हाय," सासूबाई म्हणाल्या.

"डावीकून भोक पडनार होतं," पुष्पाबाई म्हणाली आणि आपला हात काढून घ्यायला लागली. तिच्या खापराखालचा जाळ विझायला आला होता.

सासूबाईंनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. खापराकडेच बघत, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्या म्हणाल्या, "राहू दे हात तिथंच. अख्खी पंगत बाकी हाय."